एदेनच्या बागेतील सर्प

नाताळचा सण जवळ आला की वांद्रे-माहीमच्या वस्त्यांतून, वसईच्या गावांतून आणि गोमंतकातील वाड्यावाड्यांतून कागदी चांदण्या लुकलुकू लागतात. गोठ्यातील बाळ येशूचे देखावे मांडले जातात आणि घरोघरी एक हिरवा वृक्ष सजविला जातो. त्या वृक्षावर टांगलेले तांबडे, चकाकणारे गोल आपली मुले कौतुकाने पाहतात; आम्हीही लहानपणी पाहिले आहेत. ती निव्वळ शोभा आहे, असेच आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. पण ते गोल म्हणजे मुळात फळे आहेत. मध्ययुगात जर्मन भाषेच्या मुलखात २४ डिसेंबर हा दिवस आदाम आणि हव्वा यांचा मानीत. त्या सुमारास आदिमानवाच्या पतनाचे नाटक होई आणि त्यासाठी सफरचंदे टांगलेला एक हिरवा वृक्ष उभारण्यात येई. नाताळच्या वृक्षाचे एक मूळ तेथे आहे, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे जन्मोत्सवाच्या आदल्या दिवशी स्मरण कशाचे, तर पहिल्या पापाचे!

यात नवल मानण्याचे कारण नाही. रामजन्माच्या कीर्तनातही बुवा आधी रावणाच्या उन्मादाचे आख्यान लावतात, गोरूप घेतलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणे नेते आणि मगच पाळणा हलतो. तारणारा येण्यापूर्वी तारावे कशातून, हे सांगावेच लागते. परंतु आपल्याकडे देव आणि दैत्य हे एकाच कश्यपाचे पुत्र. एक अदितीचे, दुसरे दितीचे. दोघांचे वैर जुने आणि दोघांची कुळे आपल्याला ठाऊक. यहुदी आणि ख्रिस्ती यांचे तसे नाही. त्यांचा देव एकच, त्याला ना जोड ना प्रतिस्पर्धी. त्याने सहा दिवसांत सृष्टी घडविली आणि ती सर्व चांगली आहे, असे पाहिले. मग त्या चांगल्या सृष्टीत वाईट शिरले कोठून? एकच कथा हाती घेऊन या दोन धर्मांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली, आणि त्या उत्तरांपायी नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे काय व्हावे, येथवर गोष्ट गेली.

ती कथा 'उत्पत्ति' या ग्रंथाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत आहे. देवाने मातीतून माणूस घडविला, त्याच्या नाकपुड्यांत प्राण फुंकला. हिब्रू भाषेत मातीला 'अदामा' म्हणतात, म्हणून हा आदाम. त्याला एदेनच्या बागेत ठेवले, त्याच्या बरगडीपासून त्याची सहचरी निर्माण केली. बागेच्या मध्यभागी जीवनाचा वृक्ष होता आणि बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचाही वृक्ष होता. या दुसऱ्याचे फळ तेवढे खायचे नाही, एवढीच आज्ञा. तेथे सर्प आला. सर्व प्राण्यांत तो चतुर. तुम्ही मरणार नाही, उलट तुमचे डोळे उघडतील आणि तुम्ही देवासारखे व्हाल, असे त्याने स्त्रीला सांगितले. तिने फळ खाल्ले, नवऱ्याला दिले, त्यानेही खाल्ले. डोळे खरोखरच उघडले, पण दिसली ती स्वतःची नग्नता. मग अंजिराची पाने शिवून त्यांनी लाज झाकली.

यापुढचा भाग आम्हांला फार मनुष्यस्वभावाचा वाटतो. दिवस कलल्यावर, गार वाऱ्याच्या वेळी, देव बागेत फिरत येतो आणि तू कोठे आहेस, अशी हाक मारतो. आदाम सांगतो, की तूच दिलेल्या या स्त्रीने मला फळ दिले. स्त्री सांगते, सर्पाने मला भुलविले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. आदामाचे बोट तर देवापर्यंत पोहोचते. सर्पाला मात्र कोणी काही विचारीत नाही. त्याला सरळ शाप मिळतो, पोटाने सरपटण्याचा आणि धूळ खाण्याचा. स्त्रीच्या वाट्याला प्रसूतीच्या वेदना येतात, पुरुषाच्या वाट्याला घाम गाळून मिळविलेली भाकरी आणि शेवटी पुन्हा माती. इतके झाल्यावर देव स्वतः त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो, त्यांना नेसवितो, आणि मग बागेबाहेर घालवितो. पूर्वेकडे करूब आणि फिरती ज्वालामय तलवार पहाऱ्यास राहते.

एवढीच कथा. पण ज्या गोष्टी तिच्यात आहेत असे आपण समजतो, त्यांपैकी कित्येक तिच्यात नाहीत. सफरचंद नाही, फळाचे नावच दिलेले नाही. तालमूद या ग्रंथात त्यावर वाद आहे. एक रब्बी म्हणतात ते द्राक्ष, दुसरे म्हणतात अंजीर, तिसरे चक्क गहू म्हणतात. लॅटिन भाषेत वाईट आणि सफरचंद या दोहोंसाठी जवळजवळ एकच शब्द आहे, त्यामुळे पाश्चात्त्य जगात सफरचंदावर आळ येणे सोपे झाले असावे. 'पाप' हा शब्दही या अध्यायात नाही. तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, आदामाचा थोरला मुलगा काइन धाकट्या हाबेलावर जळू लागतो तेव्हा. पाप दाराशी दबा धरून बसले आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवू शकतोस, असे देव त्याला बजावतो. काइन ऐकत नाही आणि भावाचा खून करतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सैतान या कथेत कोठेही नाही. सर्प हा सर्पच आहे.

मग सैतान आला कोठून? हा शब्द हिब्रूच. अर्थ विरोधक, फिर्यादी. ईयोबाच्या ग्रंथात तो देवाच्या दरबारातला एक अधिकारी म्हणून भेटतो. पृथ्वीवर हिंडून माणसांचे दोष शोधावेत आणि दरबारी मांडावेत, हे त्याचे काम. ईयोब हा सत्त्वशील, पण निरपेक्ष थोडाच आहे, त्याचे वैभव काढून घ्या आणि पाहा, असे तो सुचवितो. देव परवानगी देतो. गुरेढोरे जातात, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी मरतात, अंगभर फोड उठतात. हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वळण ओळखीचे वाटेल. पण येथे फिर्यादी कितीही निष्ठुर असला, तरी तो देवाचा शत्रू नाही. हुकमाबाहेर त्याला एक पाऊलही टाकता येत नाही. आणि ईयोबाला आपल्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत सांगितले जात नाही. वावटळीतून देव बोलतो तो प्रश्नच विचारतो, की मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?

पवित्र शास्त्रातच एक जागा अशी आहे, जेथे विचार बदलताना पकडता येतो. राजा दावीदाने प्रजेची शिरगणती केली. ते पाप ठरले आणि मरी आली. ही हकिकत शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे, आणि तेथे दावीदाला हे करण्यास प्रवृत्त करतो तो देवाचा कोप. पुष्कळ पुढे लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात तीच हकिकत पुन्हा येते, आणि तेथे प्रवृत्त करणारा आहे सैतान. देवाच्या हातून वाईटाची प्रेरणा यावी, हे नंतरच्या लेखकाला सोसवेना, असेच यावरून दिसते.

मधल्या काळात काय घडले होते? इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकून यहुद्यांना बंदिवान करून नेले. इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या सायरस राजाने बाबेल घेतले आणि त्यांना परत जाण्याची मुभा दिली. इराणी धर्मात प्रकाशाचा अहुर मज्द आणि त्याचा वैरी अंग्रमैन्यू यांचा संग्राम सांगितला आहे. मुंबईतील आपल्या पारशी शेजाऱ्यांमुळे ही नावे आपल्याला अपरिचित नाहीत. या विचाराची छाया यहुद्यांच्या सैतानावर पडली, असे पुष्कळ विद्वान मानतात. किती पडली याबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. पण यशयाच्या ग्रंथात ज्या अध्यायात सायरसाचा देवाचा अभिषिक्त म्हणून गौरव आहे, त्याच अध्यायात देव ठणकावून सांगतो, की प्रकाश मी घडवितो आणि अंधारही मीच, कल्याण माझे आणि अरिष्टही माझेच. दोन सत्तांना तेथे थारा नाही. यहुदी लोकांच्या प्रातःकाळच्या प्रार्थनेत हेच वचन घेतले आहे, पण शेवटचा शब्द बदलून. अरिष्टाऐवजी तेथे 'सर्व काही' असा शब्द घातला आहे. सिद्धान्त सोडला नाही, पण रोज सकाळी उठून तो शब्द देवापुढे उच्चारणे जिवावर आले! प्रार्थना रचणाऱ्याचे हे मन आम्हांला फार जवळचे वाटते.

पुढे रब्बींनी या प्रश्नाचा रोख बाहेरून आत वळविला. माणसात दोन प्रवृत्ती आहेत, एक वाईटाकडे ओढणारी, 'येत्सेर हारा', आणि एक चांगल्याकडे नेणारी. पहिली जन्मापासून सोबत असते. दुसरी तेराव्या वर्षी, धर्माचरणाची जबाबदारी आली म्हणजे, जागी होते. आपल्या षड्रिपूंशी याचे नाते कोणालाही दिसेल. पण रब्बी आणखी एक धीट गोष्ट सांगतात. सृष्टी पूर्ण झाल्यावर देवाने ती 'फार चांगली' म्हटली, त्या 'फार' मध्ये ही वाईट प्रवृत्तीही धरलेली आहे. कारण ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले झाली नसती, व्यापारउदीम चालला नसता.

तालमूदात यावर एक आख्यायिका आहे. एकदा ज्ञानी लोकांनी उपवास आणि प्रार्थना करून कामवासनेच्या प्रेरकालाच पकडले आणि तीन दिवस कोंडून ठेवले. जग आता निष्पाप होणार, असे त्यांना वाटले. तेवढ्यात ताज्या अंड्याची गरज पडली, आणि साऱ्या इस्रायल देशात त्या दिवशी घातलेले एक अंडे मिळेना! कोंबड्यांनीही अंडी घालणे थांबविले होते. आता काय करावे? मारावे तर जग संपते, सोडावे तर पाप माजते. शेवटी त्यांनी त्याचे डोळे अधू केले आणि त्याला जाऊ दिले.

म्हणून यहुदी परंपरेत आदामाने आज्ञा मोडली, त्यामुळे मृत्यू आणि कष्ट आले, असे मानतात. पण त्याचा दोष बाळाच्या माथी जन्मतःच बसतो, असे मानीत नाहीत. यहुदी माणूस रोज प्रार्थनेत म्हणतो, की तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे. पाप हे ज्याचे त्याने करायचे आणि ज्याचे त्याने फेडायचे. कोकणातील आपल्या बेने इस्रायल बांधवांनी पापक्षालनाच्या वार्षिक उपवासाला 'दारफाळणीचा सण' असे मराठी नाव दिले. त्या दिवशी दारे लावून, अन्नपाणी वर्ज्य करून वर्षभराच्या चुकांचा हिशेब देवापुढे मांडावयाचा. हिशेब वर्षाचा, जन्माचा नव्हे.

येथे बेरुरिया या विदुषीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या शतकातील रब्बी मेईर यांची ती पत्नी. शेजारच्या गुंडांनी जीव नकोसा केला, तेव्हा ते मरावेत अशी प्रार्थना रब्बी करू लागले. तिने नवऱ्याला थांबविले. स्तोत्रात पापी नष्ट होवोत असे नाही, पापे नष्ट होवोत असे आहे. तेव्हा त्यांच्या पश्चात्तापासाठी प्रार्थना करा, असे तिने सुचविले. त्यांनी तसे केले आणि ते लोक सुधारले. खळांचा नाश न मागता त्यांचा वाकडेपणा जावो, असे मागणारे पसायदान ज्या घरात म्हटले जाते, तेथे बेरुरिया परकी वाटणार नाही.

आता ख्रिस्ती धर्माकडे वळू. येशूच्या काळापर्यंत सैतानाची कथा बरीच वाढली होती. इसवी सनाच्या आगेमागे लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून त्याचा आणि एदेनचा संबंध जोडला जाऊ लागला. 'शलमोनाचे ज्ञान' या ग्रंथात सैतानाच्या मत्सरामुळे जगात मरण आले असे म्हटले आहे. नव्या कराराच्या शेवटच्या 'प्रकटीकरण' ग्रंथात स्वर्गातील युद्ध येते. देवदूत मीखाएल अजगराशी लढतो आणि खाली फेकला जातो तो जुनाट साप, ज्याला सैतान म्हणतात. यशयाच्या ग्रंथात बाबेलच्या गर्विष्ठ राजाला उद्देशून एक उपरोधगीत आहे, की हे पहाटेच्या ताऱ्या, तू आकाशातून कसा पडलास! तेही सैतानालाच लावले गेले. लॅटिन भाषांतरात पहाटेच्या ताऱ्याला, म्हणजे आपल्या शुक्राला, 'लुसिफर' म्हणजे प्रकाश आणणारा, असा शब्द आहे. एका राजाची थट्टा करणारा तो शब्द अशा रीतीने देवदूतांतील तेजस्वी बंडखोराचे नाव होऊन बसला.

आपल्या भागवतात वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय सनकादिकांना अडवितात, शाप पावतात आणि हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म वैर करून पुन्हा स्वामीच्या दारी परततात. लुसिफर परतत नाही. दोन परंपरांतील खरा फरक येथे आहे, असे आम्हांला वाटते. अखेर सर्व जीव देवाकडे परततील, असा विचार तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने मांडला होता. मग सैतानाचे काय, हा प्रश्न त्यातून आपोआपच निघाला. सहाव्या शतकात ख्रिस्ती धर्मसत्तेने हा विचार त्याज्य ठरविला.

पण देवदूत तरी का पडला? त्यालाही देवानेच चांगला निर्माण केले होते ना? या गाठीशी सर्वांत जास्त झुंजला तो ऑगस्टीन. जन्म ३५४ चा, उत्तर आफ्रिकेतला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलगा मात्र सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात होता, जेथे प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे मानीत. पुढे ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो हिप्पो नगरीचा बिशप झाला. आपल्या आत्मनिवेदनात त्याने सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. मित्रांबरोबर त्याने रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशासाठी? केवळ ते करू नये म्हणून! या क्षुल्लक गोष्टीवर तो पानेच्या पाने लिहितो. आम्ही प्रथम वाचले तेव्हा हसू आले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा आले नाही.

ऑगस्टीनचे उत्तर असे: वाईट ही वस्तूच नाही. जखम म्हणजे निरोगीपणाचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. देवाने ते निर्माण केले नाही. स्वतंत्र इच्छा देवापासून वळली, तेथे ती पोकळी पडली. अद्वैताच्या अभ्यासकाला येथे अविद्येची आठवण होईल. पण अविद्या ज्ञानाने फिटते; ऑगस्टीनच्या मते बिघडलेली इच्छा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, तिला देवाची कृपाच लागते. आणि हा बिघाड आदामाकडून प्रत्येक मनुष्यात जन्मतःच उतरतो, दोषासह. पौलाच्या रोमकरांस पत्रातील एका वाक्याचा लॅटिन अनुवाद, आदामामध्ये सर्वांनी पाप केले, असा त्याने वाचला. मूळ ग्रीकचा अर्थ, सर्वांनी पाप केल्यामुळे, असा बहुतेक अभ्यासक करतात. ब्रिटनमधून आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याने विरोध केला. माणूस आपल्या कर्माने बरा-वाईट होतो, असे त्याचे म्हणणे. कर्मसिद्धान्तात वाढलेल्या आपल्या मनाला ते चटकन पटेल. कार्थेजच्या ४१८ च्या धर्मपरिषदेने त्याचे मत धिक्कारले. पूर्वेकडील सनातनी ख्रिस्ती मंडळी मात्र आजही मानतात, की आदामाकडून मरण आणि दुर्बलता येते, अपराध येत नाही.

शास्त्रार्थ पंडितांचा, पण त्याची झळ पोहोचली ती आयांना. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच जे बाळ गेले, त्याचे काय? ऑगस्टीनला त्यांची सुटका दिसेना. शिक्षा अगदी सौम्य असेल, एवढेच तो म्हणाला. मध्ययुगातील पंडितांनी त्यांच्यासाठी 'लिंबो' नावाची सीमेवरची जागा कल्पिली, जेथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. आयर्लंडमध्ये अशा बालकांना पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. गावाच्या कडेला, मोडक्या भिंतींच्या आडोशाला त्यांना पुरीत. त्या जागांना 'किलीन' म्हणत, आणि विसाव्या शतकातही त्या वापरात होत्या. २००७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने एक निवेदन प्रसिद्ध केले. लिंबो हा श्रद्धेचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हता, आणि अशा बालकांचे तारण होईल अशी आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे त्यात म्हटले आहे. ऑगस्टीननंतर जवळजवळ सोळाशे वर्षांनी.

ही आदामाची कथा मराठीत प्रथम विस्ताराने सांगितली ती एका इंग्रज जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ ओवीबद्ध, पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ऐकणारे साष्टीचे लोक नुकतेच ख्रिस्ती झालेले होते, आणि ज्या पुराणांवर त्यांचे कान घडले होते ती हातची गेली होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी शब्दही त्यांच्याच पुराणांतले घेतले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ग्रंथात श्रोते मधूनमधून पाद्रीगुरूंना शंका विचारतात आणि ते त्यांचे निरसन करतात. जय आणि विजय कोणत्या दारावर उभे होते, हे त्या श्रोत्यांच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना पाठ असणार.